पालकांनी सोबत यावे

कोसमटोलीच्या केवळराम टिंगुसलेला कोणीही, कधीही ‘कसं काय’ म्हणून विचारावं, त्याचं उत्तर ठरलेलं. ‘बढिया!’ अंगात ताप असो, जाळं फाटलेलं असो, चुलीवर नुसतं पाणी उकळत असो, बढिया म्हणजे बढिया. ब्रह्मपुरीच्या बाजारात टोपली घेऊन बसला की अर्धी मासोळी गिऱ्हाइकाविना सुकून जायची. तरी परतीच्या वाटेवर भेटेल त्याला सांगायचा, ‘हातोहात गेली, बाप्पा! पुरलीच नाई.’ मागून चालणारी त्याची बायको रुखमाबाई कपाळाला हात लावायची आणि डोक्यावरची टोपली जड आहे हे कळू नये म्हणून मान ताठ धरून चालायची.

केवळराम खोटारडा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तराजूत त्यानं कधी बोट लावलं नाही. शेजाऱ्याच्या जाळ्यातला मासा उडून याच्या डोंग्यात पडला तर परत टाकणारा माणूस. पण आपल्या घरातलं उणं बाहेरच्याला सांगणं म्हणजे त्याच्या लेखी भीक मागणंच. बापानं त्याला एवढंच शिकवलं होतं, की जाळं रिकामं आलं तरी खांद्यावरून आणायचं ते भरल्यासारखं आणायचं. त्याच्या धिवर समाजात असे पुष्कळ होते. पाहुणा दारात आला की बायका आत रिकाम्या मडक्यात पळी फिरवायच्या, आवाज यावा म्हणून. हसू नका, पाहुणाही आपल्या घरी तेच करायचा.

गाव तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. पाऊणएक एकर धानाची जमीन आणि तलावातली मासोळी, यावर केवळरामचं घर चालायचं. दिवाळीनंतर धान घरात आलं की कसेबसे सात महिने जायचे. मग पावसाळा. तलाव काठोकाठ भरला की मासा खोल जातो, जाळ्याला सापडत नाही, आणि कोठीचा तळ तर दिसू लागलेला असतो. भादव्यात गावातली बरीच घरं तरोट्याची भाजी, बांबूचे कोंब आणि पेजेचं पाणी यावर दिवस काढायची. काढायची आणि पाळीवर भेटली की एकमेकांना म्हणायची, ‘बढिया हाय.’

अशाच एका भादव्यात, त्र्याऐंशी साली, केवळरामची धाकटी पोर गेली. सीता तिचं नाव; घरात सारे सीती म्हणायचे. सात वर्षांची. सहा दिवस पोटात धड काही नव्हतं, मग कुठलंसं कंद उकडून खाल्लं आणि हगवण लागली. दवाखाना अकरा मैलांवर, मध्ये नाला. केवळरामनं तिला खांद्यावर घेतलं आणि नाल्यापर्यंत पळत गेला. नाला दोन्ही थड्या खात वाहत होता. तलावात जन्म काढलेला माणूस, पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, पण पोर खांद्यावर घेऊन त्या पाण्यात कोण उतरणार? दिवसभर काठावर बसून राहिला. पाणी उतरायची वाट बघत. दुपार कलली तेव्हा पोर खांद्यावरच गार झाली होती. मागोमाग आलेली थोरली मुलगी कुंता शेजारी उभी होती. दहावीत होती ती तेव्हा. तिनंच बापाच्या खांद्यावरून सीतीला खाली घेतलं, कारण तो सोडायलाच तयार नव्हता.

त्यानंतर त्या घरात सीतीचं नाव निघालं नाही. रुखमाबाईनं तिची थाळी आपल्या माहेरी देऊन टाकली. सणावाराला, लग्नकार्याला, नव्या जाळ्याला हात लावताना तर गेलेल्याचं नाव चुकूनही काढायचं नाही, हा रिवाजच होता त्यांच्यात. गेलेलं मूल चांगल्या कामाच्या आड येतं म्हणत. पण केवळराम साध्या दिवशीही काढायचा नाही. लेकरं किती म्हणून कोणी विचारलंच तर म्हणायचा, ‘एक. कुंता.’ आणि लगेच, ‘बढिया हाय!’

ही कुंता मात्र वेगळ्या मातीची. बोलायची कमी, पण मनात घेतलं की सोडायची नाही. ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात राहून ती बारावीपर्यंत पोहोचली. गावात तोवर एकही मुलगी सातवीच्या पुढं गेली नव्हती. तिला पुढचा रस्ता दाखवला इंदुताईंनी. इंदुताई भैसारे बालवाड्यांच्या पर्यवेक्षिका, चिमूरकडच्या. महिन्यातून एकदा सायकल हाकत कोसमटोलीला यायच्या. बौद्ध घरातल्या, बाप शेतमजूर, आणि बाई नागपूरला राहून समाजकार्याची पदवी घेऊन आलेली! तहसीलदारासमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि सरळ विचारायच्या, ‘साहेब, या गावाचं धान्य कुठं अडलं?’ कुंतानं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि तिथंच तिचं ठरलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, बारावीची परीक्षा झाल्यावर, दोघी ओट्यावर बसून पुढचा बेत आखायच्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर इंदुताईंनी तीन चौकोन काढले. बी.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्याच्या पदवीची, तीन वर्षं. पहिल्यात समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जाऊन काम. दुसऱ्यात बायकांच्या मंडळांबरोबर, दवाखान्यात, बालवाडीत. तिसऱ्यात एका गावात राहून अख्ख्या गावाची पाहणी आणि तिचा अहवाल. कुठला विषय अवघड, कुठल्यासाठी आतापासून वाचायचं, सुट्टीत कुठं काम करायचं, सगळं बारीक अक्षरात. तिसऱ्या चौकोनाखाली कुंतानं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘कोसमटोलीला आरोग्य उपकेंद्र. नाल्यावर रपटा, छोटा पूल.’

केवळरामला वाचता येत नव्हतं. जाळ्याच्या गाठी मारत तो समोर बसायचा आणि मध्येच तोंड घालायचा.

‘का वो ताई, समाजाचं काम करायले तीन वर्षं शिकाव लागते? आमच्या पंचायतीतले लोक तं एका दिवसात शिकते!’

‘म्हणूनच तसं काम करते ना, भाऊ!’

केवळराम खो खो हसायचा. मग हळूच कॅलेंडरकडं बघायचा. त्या चौकोनांत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण पोर त्यांच्यावर ओणवी झाली की तिचा चेहरा कसा होतो ते दिसत होतं. पाळीवर मात्र जाईल त्याला सांगत सुटला, ‘माही पोट्टी नागपूरले चालली. सरकार करायले!’

अडचण एकच होती. नागपूरला राहायचं, खायचं कसं? तर इंदुताई शिकल्या त्या कॉलेजनं जंगलभागातल्या मुलींसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. जिच्या घरात खरीच ओढगस्त आहे आणि जिला आपल्या गावाचं दुःख कळतं, अशीच मुलगी घ्यायची, हा त्यांचा नियम. इंदुताईंनी अर्ज भरून घेतला आणि कुंताला बजावलं, ‘मुलाखतीत लाजायचं नाही. जे आहे ते सांगायचं. सीताचं पण सांग.’ आणि त्या बाळंतपणाला माहेरी निघून गेल्या. जुलैत कॉलेजचं बोलावणं आलं, तेव्हा त्यात शेवटी एक ओळ होती : पालकांनी सोबत यावे. ही ओळ इंदुताईंना माहीत असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

केवळरामला कोण आनंद झाला! आपल्यालाही बोलावलं म्हणजे मानानं बोलावलं. त्यानं मास्तरांकडून पांढरा सदरा मागून आणला. धोतर नीळ घालून धुतलं. वहाणा त्याला सवयीच्या नव्हत्या, त्याही मागून आणल्या; एसटीत बसेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. रुखमाबाईनं कुंताची वेणी घट्ट घातली आणि दोघांच्या हातावर दही ठेवलं.

‘काय विचारतीन वो तिथी?’ केवळरामनं गाडीत विचारलं.

‘घरचं विचारतीन, बाबा. जे हाय ते सांगायचं.’

‘हाव. मले कळते ना.’

त्याला काय कळलं होतं ते बघा. अनोळखी शहाणी माणसं मुलीला समोर बसवतात, तिला चार प्रश्न विचारतात, मग बापाला बोलावून शेतीभाती, घरदार, लेकरंबाळं विचारतात. असं केवळरामनं उभ्या जन्मात एकाच कामासाठी होताना पाहिलं होतं. सोयरिकीसाठी. मुलगी द्यायची तर घर भरलेलं दाखवायचं आणि त्या दिवशी तोंडातून अशुभ अक्षर काढायचं नाही. हे त्याला कोणी शिकवायची गरजच नव्हती.

कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर दोघं बसली. कुंताचं नाव पुकारलं गेलं, ती आत गेली. बराच वेळ झाला. केवळराम उठला, बसला, भिंतीवरचे फोटो बघून आला. शेवटी दार उघडलं. कुंताचे डोळे ओले होते, पण चेहरा असा उजळला होता की त्यानं तो तीन वर्षांत पाहिला नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शिपाई म्हणाला, ‘पालक, या.’

आत तिघं होते. मध्ये टक्कल पडलेले साहेब, एका बाजूला सुती साडीतल्या मॅडम, दुसरीकडं लिहून घेणारा तरुण. मॅडमचे डोळेही लाल होते. त्यांनी त्याला खुर्चीवर बसायला लावलं. केवळराम खुर्चीच्या टोकावर बसला.

‘केवळरामजी, शेती किती आहे?’ साहेबांनी विचारलं.

‘दोन एकर, जी. धानाची.’

‘धान वर्षभर पुरतं?’

‘पुरते जी! पुरून उरते.’

साहेबांनी मॅडमकडं पाहिलं. ‘पावसाळ्यात कधी उपास पडतात का घरात?’

‘आमच्या घरी?’ केवळराम हसला. ‘एकादशीचा पडते, तेवढाच.’

तरुणाची लेखणी थांबली. मॅडम पुढं वाकल्या. आवाज मऊ करून म्हणाल्या, ‘भाऊ, मुलं किती तुम्हाला?’

‘एक, जी. हे कुंता.’

‘आणखी एखादी मुलगी? लहान? जी... गेली असेल?’

आता मात्र केवळरामला खांद्यावर अचानक वजन जाणवलं. पण आज पोरीच्या आयुष्याचा दिवस. या घडीला ते नाव तोंडातून काढायचं? त्या पोरीची सावली या पोरीवर पाडायची? तो हसलासुद्धा.

‘नाई जी. एकच.’

तरुणानं लेखणीला टोपण लावलं. साहेब म्हणाले, ‘ठीक आहे. या आपण.’ मॅडम नुसत्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

काय म्हणावं या माणसाला! राग येतो, आणि राग धरावा तर त्याच्या त्या टाचांच्या फोडांकडं बघून तोही धरवत नाही. बाहेर आला तो छाती काढून. गडी खूश! रस्त्यावरच्या हॉटेलात पोरीला आलुबोंडा खाऊ घातला, स्वतः नुसतं पाणी प्याला.

गाडी उमरेड सोडून पुढं आली तेव्हा कुंतानं विचारलं, ‘बाबा, तुमाले काय विचारलं?’

केवळरामनं तिखटमीठ लावून सारं सांगितलं. दोन एकर कसं म्हटलं, एकादशीचं ऐकून सारे कसे गप्प झाले. ‘अन् त्या बाईनं इचारलं, आणखी एक पोरगी होती का म्हणून. कोणं सांगितलं का मालूम! मी म्हटलं, नाई जी, एकच. आजच्या दिवशी कायले?’

कुंता त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं ते ब्रह्मपुरी येईपर्यंत फिरवूनच ठेवलं. केवळरामला वाटलं, दमली असेल. त्यानं आपला पंचा घडी करून तिच्या मानेखाली सरकवला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की उमेदवार व पालक यांनी दिलेल्या माहितीत मेळ नसल्यामुळे विचार करता आला नाही. कुंतानं ते उभ्यानं वाचलं.

‘काय म्हणते?’

‘जागा भरल्या म्हणते, बाबा.’

केवळरामनं नागपूरवाल्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. वशिल्यानं भरल्या असतील, शहरातल्या पोरी घेतल्या असतील, आमच्या पोरीत काय कमी होतं? कुंता पत्राची घडी घालून आत गेली. दुसऱ्या दिवशी आईबरोबर लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला गेली. गावातल्या बालवाडीत मदतनीस म्हणूनही जाऊ लागली. सांगाल ते करायची, विचाराल तेवढं बोलायची. पण ती जेवायला बसली की पहिला घास हातात धरून नुसती बसून राहते, हे रुखमाबाईच्या ध्यानात आलं. ती नवऱ्याला म्हणाली, ‘पोरगी खात नाई.’ नवरा म्हणाला, ‘खाईन. बढिया होईन सारं.’ पण पाळीवर आताशा त्याला कोणी ‘कसं काय’ विचारलं तर तो उत्तर न देता जाळं उलटंपालटं करायचा.

दिवाळी झाली. इंदुताई बाळाला आईजवळ ठेवून कामावर परत आल्या. नागपूरला एका बैठकीत त्यांना त्या मॅडम भेटल्या होत्या. त्यांच्याच शिक्षिका होत्या त्या एके काळी. इंदुताई सायकल घेऊन थेट तलावाच्या पाळीवर आल्या. केवळराम जाळं वाळत घालत होता.

‘भाऊ,’ त्या सायकल न लावताच म्हणाल्या, ‘सीता तुमची नव्हती का?’

केवळरामच्या हातातून जाळं खाली पडलं.

‘काऊन नाई सांगितलं तुमी? कुंतानं आत सगळं सांगितलं होतं. सात महिने धान पुरते, भादव्यात उपास पडते, बहीण कशी मेली, सारं. जागा तिले दिल्यासारखीच होती. मॅडम रडल्या. अन् मागून तुमी जाऊन म्हटलं, एकच पोरगी. त्याइनं काय समजाव? की पोरीनं जागेसाठी मेलेली बहीण बनवून सांगितली!’

‘पत्रात... जागा भरल्या म्हणे...’

‘पत्रात तसं नाही लिहिलेलं, भाऊ. तिनं तुमच्यासाठी तसं वाचलं.’

इंदुताईंच्या आवाजात राग होता, पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्या थांबल्या. केवळराम पाळीवरच खाली बसला. मग म्हणाला, ‘ताई, मले वाटलं, चांगलं काम हाय. चांगल्या कामात तिचं नाव घेऊ नये.’ आणि लहान मुलासारखा रडू लागला. गावानं त्याला सीती गेली त्या दिवशीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच निघाला. कोणाला काही सांगितलं नाही. ना मास्तरांचा सदरा, ना वहाणा. नेहमीच्या बंडीत, अनवाणी. कॉलेजच्या व्हरांड्यात शिपायानं हटकलं तर म्हणाला, ‘मले मॅडमले एक गोठ सांगाची हाय. राहून गेली होती.’

मॅडमनी त्याला ओळखलं. खुर्ची दिली, तो बसला नाही. उभ्यानंच बोलू लागला. ‘मले दोन पोरी होत्या, जी. धाकटी सीता. सीती म्हणो आमी तिले.’ तीन वर्षं दाबून ठेवलेलं सारं बाहेर आलं. कोठी कधी रिकामी झाली, सीती पेजेच्या पाण्यातलं शीत कसं बोटानं शोधायची, नाल्याला किती पाणी होतं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ती खांद्यावर शेवटचं काय बोलली तेही त्यानं सांगितलं. ‘बाबा, पाणी उतरलं का?’ हे ती बोलली होती. हे त्यानं रुखमाबाईलाही सांगितलं नव्हतं. दोन एकर नाही, पाऊण एकरसुद्धा पुरता नाही, हेही सांगितलं. ‘माह्या पोरीनं खोटं नाई सांगितलं, जी. मी सांगितलं. तिचं नाव तेवढं खोट्यातून काढा.’

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, ‘या वर्षीच्या जागा गेल्या, भाऊ. पण कुंताला म्हणावं, जूनमध्ये ये. मी स्वतः बोलेन सगळ्यांशी. मुलाखतसुद्धा नको तिची. जागा तिचीच.’

केवळराम मुक्कामाला बसस्थानकावरच पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोसमटोलीला पोहोचला. पाळीवरून अक्षरशः पळत आला. कुंता अंगणात कापून आणलेल्या धानाच्या पेंढ्या रचत होती. रुखमाबाई दारात सूप घेऊन बसली होती. दोन दिवस नवरा कुठं होता म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला.

‘कुंते! माय, जागा तुहीच हाय! जूनमधी ये म्हणते मॅडम. मी सारं सांगून आलो. सीतीचं बी सांगितलं. मी चुकलो, पोरी. बाप अडाणी तुहा. पण आता सारं...’

त्याला बढिया म्हणायचं होतं, ते त्याला म्हणवलं नाही.

सीतीचं नाव त्या अंगणात तीन वर्षांनी निघालं होतं. रुखमाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. कुंतानं हातातली पेंढी खाली ठेवली.

‘मी नाई जात, बाबा.’

‘काऊन? माह्यावर राग हाय?’

‘होता. चार-आठ दिवस. मंग गेला.’

‘मंग?’

ती धानाच्या पेंढ्यांवर बसली. पदर नव्हता, तर ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. बोलली तेव्हा आवाज एकदम सरळ होता, पाढा म्हणावा तसा.

‘त्या साहेबानं इचारलं, किती दिवस उपाशी होती? मी बोटावर मोजून सांगितलं. सहा दिवस. सांगता सांगता मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, साहेबानं चष्मा काढला. अन् मले, बाबा... मले वाटलं, भेटली जागा. मी आणखी सांगितलं. ती तुमच्या खांद्यावर कशी गार झाली तेबी सांगितलं. कोणं इचारलं नव्हतं, मी सांगितलं. बाहेर आली तं मले आनंद झाला होता. इतका आनंद मले कधीच झाला नव्हता.’ ती थांबली. ‘सीती मेली, अन् मले आनंद झाला. घास उचलला का तेच याद येते.’

‘असं नसते, माय,’ रुखमाबाई दारातून म्हणाली. पण ती रडत होती, आणि ते शब्द कोणापर्यंत पोहोचले नाहीत.

‘तुमी नाई म्हटलं तेच बरं झालं, बाबा. तुमी तिले इकलं नाई. तिच्या नावावर भेटलेली जागा मले नको. तीन वर्षं त्या जागेवर बसून मी काय शिकू?’

केवळराम पोरीसमोर उकिडवा बसला. तिला सांगायचं होतं, की तसं नाही गं पोरी, तू खरं सांगितलं, खरं सांगण्यात पाप नसतं. जगातल्या कुठल्याही बापानं त्या वेळी हेच सांगितलं असतं. त्यानं तोंडही उघडलं. पण काल मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले तेव्हा त्याच्याही मनात तेच आलं होतं, भेटली जागा. आणि मगच त्यानं खांद्यावरचं ते शेवटचं बोलणं सांगितलं होतं.

त्यानं पोरीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. थोड्या वेळानं कुंता उठली आणि राहिलेल्या पेंढ्या रचू लागली.